जातं, ओवी आणि विसरलेली माणसं

आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई घरच्याच सुनेला विचारतात, "तू कुणाची गं?" जेवून उठल्या की पुन्हा ताट मागतात. म्हातारीला चळ लागला, असं गाव म्हणतं. खोटं कशाला बोला, आम्हीही तेच म्हणत होतो.

हा आजार आहे, हे कळून शंभराहून जास्त वर्षं झाली. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या दवाखान्यात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला प्रश्न विचारत आणि उत्तरं लिहून ठेवत. १९०६ मध्ये ती वारली. त्यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्याच वर्षी डॉक्टरांच्या सभेत ते मांडलं. १९१० मध्ये आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं. बाईचं नाव मात्र वहीतच राहिलं.

गाण्याकडे लक्ष पुष्कळ उशिरा गेलं. इंग्लंडमध्ये अल्झायमर सोसायटीच्या एका कार्यकर्तीने २००३ च्या सुमारास 'सिंगिंग फॉर द ब्रेन' सुरू केलं. गोल बसायचं, एकमेकांचं नाव घेत गायचं, मग ओळखीची जुनी गाणी, शेवटी चहा. सांभाळणारी माणसंही सोबत गातात. कालचं आठवत नाही, पण लहानपणापासून घोकलेलं गाणं बऱ्याच जणांत उशिरापर्यंत टिकतं.

आपल्याकडे हे शिकवायला कुणी यायला नको होतं. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' असं आपण म्हणतोच. गिरण्या आल्या, जाती मागे पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या उरल्या. तो खटाटोप आजारासाठी नव्हता, पण आम्हाला वाट त्यातूनच सापडली.

हळदीपुरतं बाहेर निघणारं जातं आम्ही पुसून मांडलं, मूठभर ज्वारी घातली. आजींचा हात खुंट्यावर ठेवला. दोन फेरे नुसतेच गेले. तिसऱ्याला माहेरच्या वाटेची ओवी आली, सगळी, न अडखळता. झील धरायची आम्हाला येईना. ती सुनेने धरली. आजी तिच्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "गळा चांगला आहे गं. कुणाची तू?"

सून रडली. आजार जात नाही, हे डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं.

आता हप्त्याच्या दिवशी आधी अर्धा तास जातं, मग हिशेबाची वही. वहीच्या मागच्या पानांवर अकरा ओव्या लिहून झाल्यात. बारावी अर्धीच आहे.