म्युन्स्टरची तीन प्रवचने

सत्तेने सत्य दडपले असता धर्मगुरूने ते केवळ सांगावे, की लोकांना राजकीय कृतीस प्रवृत्त करावे? हा प्रश्न आपल्यात वारंवार निघतो. नुसत्या तत्त्वचर्चेने तो सुटणारा नव्हे. १९४१ साली जर्मनीत जे घडले ते समोर ठेवून पाहावे.

मनोरुग्ण व अपंग यांना ठार मारण्याच्या नाझी योजनेस कोणत्याही प्रसिद्ध कायद्याचा आधार नव्हता. मागाहून १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घातलेले हिटलरच्या सहीचे एक पत्र, एवढेच तिचे मूळ. रुग्णांना बसगाड्यांतून नेऊन विषारी वायूने मारीत आणि नातेवाइकांस सांत्वनाचे पत्र, रक्षाकलश व मृत्यूचे खोटे कारण पाठवीत. ज्याचे आंत्रपुच्छ पूर्वीच काढलेले, तो आंत्रपुच्छाच्या दाहाने वारला असे कळविल्याची उदाहरणे आहेत! लोकांत कुजबूज होती. उघड उच्चार क्वचितच.

३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फोन गालेन यांनी संत लॅम्बर्ट चर्चमध्ये तो उच्चार केला. जुलैतील दोन प्रवचनांत त्यांनी गेस्टापोने मठ बळकावल्याचा निषेध केला होता. आता त्यांनी दंडविधानाची कलमे वाचून दाखविली, हा खून आहे असे म्हटले आणि आपण रीतसर फिर्याद दिल्याचे सांगितले. बंड करा, असे ते म्हणाले नाहीत. उलट दुसऱ्या प्रवचनात त्यांनी हातोडा न होता ऐरण होण्याचा उपदेश केला होता. जुन्या सरदार घराण्यातील हा पुरुष पक्का राष्ट्रनिष्ठ होता, हेही विसरू नये.

तरीही कृती घडली. प्रवचनांच्या प्रती हाताने व टंकयंत्रावर निघाल्या, आघाडीवरील सैनिकांपर्यंत गेल्या. २४ ऑगस्टला हिटलरने वायुगृहांतील ही हत्या थांबविण्याचा आदेश दिला. तोवर ७०,००० हून अधिक बळी गेले होते. बिशपांना फाशी द्यावी असे काही पुढाऱ्यांचे मत होते. पण युद्ध चालू असता वेस्टफालियाची जनता दुरावेल, असा गोबेल्सचा हिशेब पडला. बिशप वाचले. किंमत दिली ती प्रती वाटणाऱ्यांनी. ल्युबेकचे प्रासेक, लांगे व म्युलर हे तीन कॅथलिक धर्मगुरू आणि ल्युथेरन पाळक श्टेलब्रिंक यांचा १० नोव्हेंबर १९४३ रोजी हॅम्बुर्ग येथे शिरच्छेद झाला. प्रवचन व राजद्रोह यांतील जो भेद आपण इतक्या काळजीने करतो, तो त्या न्यायालयास मान्य नव्हता. गालेन यांना २००५ साली व त्या तिघा धर्मगुरूंना २०११ साली धन्य घोषित करण्यात आले.

मात्र एक गोष्ट झाकून चालणार नाही. रुग्णांची हत्या पुढे उपासमारीने व औषधांच्या मात्रांनी चालूच राहिली. आणि १३ डिसेंबर १९४१ रोजी म्युन्स्टरहून यहुदी कुटुंबांना घेऊन आगगाडी रीगाकडे निघाली, तेव्हा त्या व्यासपीठावरून तसा शब्द निघाला नाही.