कॉलेज बदललं, दुसरी पदवी धरली. शिष्यवृत्ती मिळणार का?

बारावीनंतर बीएस्सीला नाव घालायचं आणि वर्षभराने ते सोडून नर्सिंग नाहीतर इंजिनिअरिंगला जायचं, हे आता गावोगाव चालतं. पण महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या वर्षांपुरतीच असते. दरवर्षी अर्जही भरावा लागतो. म्हणून नाव काढण्याआधी नियम बघा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ती एकाच व्यावसायिक अभ्यासक्रमाला मिळते. साध्या पदवीवरून व्यावसायिककडे गेलं तर चालतं, म्हणजे बी.ए. करून एमबीए केलं तर लाभ आहे. उलटं चालत नाही. इंजिनिअरिंग जमेना म्हणून बी.ए.ला येणाऱ्या पोरांची इथेच अडचण होते. बी.ए. पास होऊन पुन्हा बी.कॉम. केलं तरी नाही, कारण पायरी तीच राहते.

नापासाचंही तसंच. पहिल्यांदा नापास झाला तर परीक्षा फी आणि निर्वाह भत्ता मिळतो. त्याच वर्गात दुसऱ्यांदा नापास झाला तर पुढच्या वर्गात जाईपर्यंत काहीच नाही.

खुल्या प्रवर्गातली पोरं बहुतेक राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेचा अर्ज भरतात. उत्पन्न 8 लाखांपर्यंत चालतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅप फेरीतूनच झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. लाभ घरातल्या दोनच मुलांना. शिकताना मध्ये दोन वर्षं किंवा त्याहून जास्त खंड पडला तर लाभ जातो. शेतीच्या अडचणीमुळे पोरगं घरी बसवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेल्यांची तीनच वर्षं राहतात, हिशोब तेवढ्याचाच धरा.

आता दोन पदव्यांचं. 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या शिकायला परवानगी दिली आहे. पण एक शिष्यवृत्ती चालू असताना दुसरी घेता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या पदवीची फी खिशातूनच. एकाच पदवीत दोन मुख्य विषय असतील तर गोष्ट वेगळी. प्रवेश एकच, म्हणून अर्जही एकच.

कॉलेज बदलताना दाखला, गुणपत्रक आणि खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र हातात ठेवा. नवीन कॉलेजात अर्ज नव्याने भरायचा, नूतनीकरणाचं बटण दाबू नका. काही ठिकाणी शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत म्हणून जुनं कॉलेज दाखला अडवून धरतं. अशा वेळी तोंडी भांडत बसू नका, प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून जूनमध्येच काढा आणि बँक खात्याला आधार जोडलंय का ते तपासा.