वरठी परिसरातील ऐतिहासिक स्थळे
महाराष्ट्र राज्याच्या भंडारा जिल्ह्यातील प्राचीन व मध्ययुगीन अवशेष. वरठी (ता. मोहाडी) येथे मुंबई–हावडा लोहमार्गावरील ‘भंडारा रोड’ हे स्थानक असून भंडारा शहर तेथून सु. १० किमी. आहे.

जिल्ह्यातील सर्वांत महत्त्वाचे प्राचीन स्थळ म्हणजे भंडाऱ्याच्या दक्षिणेस सु. ४५ किमी. वैनगंगेकाठी वसलेले पवनी. या नगरास तीन बाजूंनी तट व खंदक असून उरलेल्या बाजूस नदीचेच संरक्षण लाभले आहे. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे संयुक्त उत्खनन केले. त्यात जगन्नाथ टेकडीखाली विस्तीर्ण बौद्ध स्तूप उघडकीस आला. त्याच्या शिल्पांकित स्तंभांवर ब्राह्मी लिपीतील लेख असून एकावर मुचलिंद नागाचा नामनिर्देश आहे. काही लेखांत दात्यांची नावे येतात. राजांच्या वंशावळीत न सापडणारी सामान्य उपासकांची स्मृती त्यांमुळेच टिकून राहिली. मात्र स्तूपावर नंतरच्या काळातील मंदिर उभे आहे आणि तटाच्या आत आजही दाट वस्ती आहे. त्यामुळे प्राचीन नगराचा पुष्कळसा भाग अद्यापि भूमिगत असून नवे बांधकाम त्यास बाधक ठरू शकते.

जिल्ह्याच्या उत्तर भागात तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या टेकड्यांत आंबागड हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा अधिकारी राजखान पठाण याने तो सु. १७०० मध्ये बांधला, असे मानतात. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा उपयोग तुरुंग म्हणून केला.