गाजर, बदाम आणि गव्हाची सुट्टी

स्वित्झर्लंडमधल्या आरगाऊ प्रांताला तिथले लोक कौतुकानं ‘रूएब्लीलँड’ म्हणतात. रूएब्ली म्हणजे गाजर. प्रांताची राजधानी आराऊ. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी गाजरांचा बाजार भरतो, आणि त्यात रूएब्लीटोर्ट, म्हणजे गाजराचा केक, नसेल तर तो बाजार कसला!

या केकची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची कृती आरगाऊच्याच एका गृहविज्ञान शाळेशी जोडली जाते. अंड्यातलं पिवळं बलक साखरेबरोबर फिकट होईपर्यंत फेटायचं. त्यात बारीक किसलेलं गाजर, लिंबाची किसलेली साल आणि गाजराच्या बरोबरीनं बदामाची पूड घालायची. मैदा मात्र नावापुरता, चार चमचे, कधी तोही नाही. शेवटी पांढऱ्याचा घट्ट फेस हलक्या हातानं मिसळायचा. गव्हातलं ग्लुटेन जवळजवळ नसल्यानं सगळा डोलारा या फेसावर उभा असतो; दणादणा ढवळलं की केक बसलाच. गाजरात जवळजवळ ८८ टक्के पाणी असल्यानं तो सुकत नाही, उलट दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. वर साखरेचा पांढरा थर आणि अंगठ्याएवढी मार्झिपॅनची गाजरं.

यात पथ्याचा विचार कुठेही नव्हता. युरोपात साखर महाग होती तेव्हापासून गाजर गोडासाठी वापरात होतं. ब्रिटननं जानेवारी १९४० मध्ये साखरेवर रेशन लावलं, त्यानंतर अन्न मंत्रालयानं ‘डॉक्टर कॅरट’ नावाचं हसरं गाजर जाहिरातींत उतरवलं आणि घरोघरी गाजर पुडिंगात, केकात शिरलं. साखरेचं रेशन उठायला १९५३ उजाडलं.

गव्हाला हद्दपार करण्याची कल्पना आली ती दवाखान्यातून. विलेम डिके हा डच बालरोगतज्ज्ञ सीलिॲक हा आतड्याचा आजार झालेल्या मुलांवर उपचार करत होता. नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही मुलं सुधारली. पाव परतला, तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यानं प्रबंध लिहून गव्हाला दोषी ठरवलं. पुढे एलेन गॉटशाल यांनी आपल्या मुलीच्या आतड्याच्या आजारातून धडा घेऊन सगळी धान्यं वर्ज्य करणारा आहार पुस्तकातून लोकांपुढे मांडला. बदामाच्या पिठाचे मफिन या पथ्याच्या स्वयंपाकघरात रुळले. २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांचं धान्यं टाळायला सांगणारं ‘द पॅलिओ डाएट’ हे पुस्तक आलं आणि आजाऱ्यांचं पथ्य धडधाकटांच्या ताटात गेलं.

बदामाच्या मफिनला ‘हेल्दी’ हा शब्द तेव्हापासून चिकटला. शंभर ग्रॅम बदामाच्या पुडीत सहाशेच्या आसपास कॅलरी असतात, गव्हाच्या पिठात साडेतीनशेच्या घरात. हे मफिनच्या पुड्यावर ठळक छापलेलं क्वचितच दिसतं. प्रथिनं, तंतू मिळतात हे खरं, पण सीलिॲक नसलेल्याला गव्हाशी भांडायचं कारण काय?

धान्य टाळण्याचं कसब मराठी घराला नवं नाही. एकादशीला शिंगाड्याचं पीठ आणि राजगिरा असतोच, आणि राजगिऱ्याचं मूळ तर अमेरिका खंडातलं. पण या पिठांचा मफिन उपासाला होणं कठीण, कारण अंडं चालत नाही आणि अंड्याशिवाय पीठ धरून ठेवणार कोण? म्हणून राजगिऱ्याच्या थालीपिठात उकडलेला बटाटा कुस्करून घालतात.