दोन पितापुत्र आणि मत्स्यालयातील मळ

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी खाऱ्या पाण्याचे एक लहान मत्स्यालय होते. एका रविवारी आम्ही त्याची गाळणी उघडली. आतला स्पंज आणि चिनीमातीच्या सच्छिद्र नळ्या तपकिरी, बुळबुळीत थराने माखल्या होत्या. आम्ही त्या नळाखाली पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत धुतल्या, पुन्हा बसवल्या आणि एक कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात हात पुसले. चौथ्या दिवशी दोन्ही क्लाउनफिश मेलेले आढळले. पाणी मात्र अखेरपर्यंत नितळ होते. आम्ही नेमके काय धुऊन काढले होते, आणि मत्स्यालयाच्या इतिहासात त्याची नोंद कोठे सापडते, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला.

‘मत्स्यालय’ हा आपला शब्द माशांकडे बोट दाखवतो. इंग्रजीतील ‘अ‍ॅक्वेरियम’ या शब्दाच्या मुळाशी पाणी आहे. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ साली याच नावाचे पुस्तक लिहिले आणि तो शब्द रूढ झाला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे गॉस परिचित असतात ते बहुधा त्यांच्या मुलामुळे. एडमंड गॉस यांच्या ‘फादर अँड सन’ (१९०७) या आत्मकथनात धर्मनिष्ठ, निसर्गवेडा पिता आहे. त्या पित्याच्या पुस्तकांनी भारलेल्या हौशी संग्राहकांनी किनाऱ्यावरची खडकातील डबकी कशी लुटून ओस पाडली, याची खंतही त्यात आहे. मत्स्यालयाची साहित्यिक स्मृती या पितापुत्रांभोवती फिरते. आम्हाला मात्र दुसरी एक पितापुत्रांची जोडी अधिक महत्त्वाची वाटते.

त्या जोडीकडे वळण्यापूर्वी एक दृश्य नोंदवले पाहिजे. १८४६ साली ॲना थिन यांनी डेव्हनच्या किनाऱ्यावरून प्रवाळजीव लंडनला आणले. समुद्राचे ताजे पाणी सतत मिळणे शक्य नव्हते. म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, जेणेकरून त्यात हवा मिसळावी. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा इतिहास असा एका अनाम स्त्रीच्या हातांपासून सुरू होतो. पाण्याला श्वास लागतो, एवढे त्या काळी उमगले होते.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ, १८४१ साली स्थापन झालेल्या केमिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी एका पात्रात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी कर्बवायू द्यावा, अशी ही मांडणी होती. परंतु कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी पात्रात गोगलगायी सोडल्या. त्यांनी तो चिकट थर खाऊन टाकला आणि पाणी निवळले. हा प्रयोग १८५० साली प्रसिद्ध झाला आणि ‘समतोल मत्स्यालय’ ही कल्पना त्यातून जन्मली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, कुजण्याचा प्रश्न वॉरिंग्टन यांना दिसला होता. त्याचे उत्तर मात्र त्यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्यात शोधले.

पुढे विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ साली क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभारले. तेथे प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कित्येक पट मोठा, अंधारा पाणीसाठा जमिनीखाली होता आणि पंप ते पाणी अहोरात्र फिरवत असत. तेच समुद्रजल दीर्घकाळ टिके. लॉइड याचे श्रेय अभिसरणाला आणि हवेला देत. त्या अंधाऱ्या भिंतींवर आणखी कोणी काम करत असेल, ही कल्पना अद्याप आकाराला यायची होती.

ती आकाराला आली मत्स्यालयाबाहेर. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंत्झ यांनी वाळूच्या थरातून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ती क्रिया थांबली. याचा अर्थ, वाळूत काही जिवंत होते. हा धागा इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात ज्यांनी उचलला, ते होते दुसरे रॉबर्ट वॉरिंग्टन, गोगलगायी सोडणाऱ्या वॉरिंग्टन यांचे पुत्र. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होते, आणि या दोन पायऱ्या दोन वेगळ्या जीवांच्या आहेत, हे त्यांनी अनेक वर्षांच्या चिकाटीने दाखवले. ते जीव वेगळे काढणे मात्र त्यांना साधले नाही. १८९० साली झ्युरिकमध्ये विनोग्रॅडस्की यांनी ते साधले.

पित्याच्या पात्रात जे अव्यक्त राहिले, ते पुत्राला शेतातल्या मातीत सापडले. पिता १८६७ सालीच निवर्तले होते. त्यांच्या कहाणीवर कोणी आत्मकथन लिहिले नाही, आणि पुत्राचे उत्तर मत्स्यालयाच्या व्यवहारात मुरायलाही दीर्घ काळ जावा लागला. १९६१ साली जाकार्ताचे ली चिन एंग यांनी यंत्रांऐवजी समुद्रातून आणलेल्या जिवंत खडकांवर टाकी चालवण्याची रीत मांडली. १९७० साली स्टीफन स्पॉट यांनी आपल्या ग्रंथात जैविक गाळणीला मध्यवर्ती स्थान दिले.

या इतिहासाच्या प्रकाशात आमचा रविवारचा पराक्रम वाचता येतो. तो तपकिरी थर ही वसाहत होती. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने आणि खारेपणा एकाएकी नाहीसा झाल्याने ती उद्ध्वस्त झाली. माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया रंगहीन. त्यातही समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्याचा विषारी अंश तेथे अधिक. म्हणजे नितळपणा हा निरोगीपणाचा पुरावा नव्हता. असे असले तरी गाळणी धुऊच नये, असेही नाही. गाळ साचला की प्रवाह अडतो, आणि याच जीवांना लागणारा प्राणवायू तुटतो. म्हणून टाकीतलेच पाणी बादलीत काढावे, त्यात स्पंज हलकेच पिळावा, नळ्या नुसत्या खळबळून घ्याव्यात. एका वेळी अर्धाच भाग, उरलेला काही आठवड्यांनी. साबण तर नकोच. ही स्वच्छता मळ नाहीसा करत नाही, त्याला जगण्यापुरती वाट करून देते.

२००५ साली सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातील खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या तळातून एक सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हे त्याचे नाव. तो जीवाणूही नव्हे, आर्किया या वेगळ्याच कुळातला. अमोनियावर जगणारे त्याचे भाऊबंद महासागरांत विपुल आहेत, हे पुढे स्पष्ट होत गेले. ज्या टाकीपुढे प्रेक्षक मासे पाहत उभे राहत, तिच्या तळाशी समुद्राचा एवढा मोठा रहिवासी बसलेला होता. तो सापडला, कारण कोणी तो तळ घासून लख्ख केला नव्हता.