इंडिका : एका गाडीची आणि एका मोहल्ल्याची तारीख

आठवीच्या वर्गात औद्योगिक क्रांतीचा धडा चालला होता. जेम्स वॉट, वाफेचे इंजिन, मँचेस्टरच्या गिरण्या असे एकेक सांगत असताना मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, ये सब विलायतका हुआ. अपने यहाँकी गाडी कौनसी?" आम्ही काही बोलण्याआधी त्याच्याच शेजाऱ्याने उत्तर दिले, "इंडिका!" सारा वर्ग हसला. उत्तर देणाऱ्या मुलाचे वडील गॅरेज चालवतात. त्याला हसण्यासारखे काय झाले ते कळेना. तो खाली मान घालून बसला.

मुलाचे उत्तर बरोबर होते. हसणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, आणि पाठ्यपुस्तकात ते लिहिलेले नाही. म्हणून हा लेख.

स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षे आपल्या देशात मोटार म्हणजे परक्या साच्यातून निघालेली वस्तू. अॅम्बेसेडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट. १९८३ साली मारुती आली आणि मध्यमवर्गाच्या दारात गाडी उभी राहिली, पण तिचा आराखडा जपानच्या सुझुकीचा. आपले कारागीर गाडी जोडत होते, काही भाग बनवतही होते. पण कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढण्यापासून गाडी रस्त्यावर आणण्यापर्यंतचे काम कोणी अंगावर घेतले नव्हते.

ते काम आपल्या महाराष्ट्रात, पिंपरी-चिंचवडमध्ये झाले. टाटांची टेल्को ही ट्रक बनवणारी कंपनी. १९९१ची सिएरा, १९९४ची सुमो अशा मोठ्या गाड्या तिने काढल्या होत्या, पण लहान मोटारीचा अनुभव नव्हता. रतन टाटांनी मागणी ठेवली ती अशी : बाहेरून झेनएवढी, आतून अॅम्बेसेडरसारखी ऐसपैस, किंमत मारुतीच्या जवळपास, आणि चालवायला डिझेलचा स्वस्त खर्च. अनेक जाणकारांनी हे अशक्य ठरवले. सुमारे १७०० कोटी रुपये या प्रकल्पात गेले. बाह्यरूपासाठी इटलीतील तुरीन शहरातील एका डिझाइन संस्थेची मदत घेतली. ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजाने आणून पुण्यात उभा केला. इंजिन आणि गाडीची बाकीची बांधणी इथल्याच अभियंत्यांनी केली. बहुतेक सुटे भाग देशातल्याच कारखान्यांतून आले. जानेवारी १९९८मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विक्रीला निघाली. सुरुवातीची किंमत अडीच लाखांच्या थोडी वर होती. आठवड्याभरात एक लाखाहून अधिक मागण्या नोंदल्या गेल्या.

पण यश इतक्या सहज पदरात पडत नाही. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, नाव खराब होऊ लागले. २०००-०१ या वर्षी टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. पुष्कळांनी हात झटकले असते. इथे चुका शोधून त्या दुरुस्त केल्या गेल्या आणि २००१ साली 'इंडिका व्ही-टू' आली. हीच गाडी खरी चालली. २००३ ते २००५ या काळात 'सिटीरोव्हर' या नावाने ती चक्क इंग्लंडात विकली गेली. ज्या देशाची जुनी मॉरिस आपण अर्धे शतक चालवली, त्या देशात पुण्याची गाडी गेली. तिथे तिचे फारसे कौतुक झाले नाही हेही नोंदवले पाहिजे, पण ती गेली हे खरे.

इथपर्यंतचा इतिहास कोणत्याही पुस्तकात सापडेल. पुढचा सापडत नाही.

डिझेलवर चालणारी, पाच माणसे आणि सामान घेणारी लहान गाडी म्हटल्यावर टॅक्सीवाल्यांनी ती उचलली. डिझेल आणि पेट्रोलच्या भावात त्या काळी मोठी तफावत होती. पांढरी इंडिका आणि पिवळी नंबरप्लेट ही जोडी शहराशहरांत दिसू लागली. विमानतळ, लग्न, दवाखाना, कॉल सेंटरची रात्रपाळी, सगळीकडे इंडिका. मग सुखवस्तू लोक म्हणू लागले, "ही तर टॅक्सी. घरच्यासाठी कशाला घ्यायची?" टॅक्सीच्या शिक्क्याने गाडीची प्रतिष्ठा गेली, असे आजही लिहिले जाते.

आमच्या मोहल्ल्यात नेमके उलटे झाले. आमच्याकडे ती टॅक्सी होती म्हणूनच घरची गाडी होऊ शकली. निव्वळ फिरण्यासाठी मोटार घेण्याची ऐपत कोणाची होती?

अब्बा वीस वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. २००४ साली त्यांनी एक जुनी व्ही-टू घ्यायचे ठरवले. एका बँकेत गेले. जामीनदार आणा, घराचे कागद आणा, असे सांगून त्यांना तीन वेळा परत पाठवले. चौथ्यांदा ते गेले नाहीत. व्याजाचा पैसा घरात नको, हेही मनात होतेच. शेवटी मोहल्ल्यातली भिशी अब्बांना आधी उचलू दिली, मामूंनी हातउसने दिले आणि अम्मीच्या दोन बांगड्या गेल्या. गाडी दारात आली त्या दिवशी दादीने बोनेटवर हात ठेवून दुआ मागितली. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो.

त्या गाडीने काय काय वाहिले! हजला निघालेल्या बुजुर्गांना सोलापूरहून मुंबईपर्यंत, टपावर सामान बांधून. बाळंतिणींना रात्री-अपरात्री दवाखान्यात. वधूला सासरी. मय्यतीला येणाऱ्या पाहुण्यांना स्टेशनवरून घरी. त्या खेपांचे भाडे अब्बा घेत नसत. टूरच्या भाड्यातून दोन बहिणींची लग्ने झाली आणि आमची बी.एड.ची फी भरली गेली. शाळेच्या हजेरीपटावर सही करताना कधीकधी त्या डिझेल इंजिनाची धडधड कानात येते.

आणि गॅरेज! जुन्या इंडिकाचा इंजेक्शन पंप यांत्रिक होता, कॉम्प्युटरची भानगड नव्हती. पाने, जॅक आणि अनुभव असलेला मिस्त्री ते इंजिन उघडून पुन्हा बसवू शकत होता. त्यामुळे फिटर, वायरमन, डेंटिंग-पेंटिंगवाला, पंक्चरवाला, सीटकव्हर शिवणारा अशी सगळी गल्ली एका गाडीवर पोट भरत होती. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात म्हटले आहे की मुस्लिम समाजात नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, वाहतूक आणि वाहनदुरुस्ती ही त्यांची नेहमीची क्षेत्रे आहेत आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत कमी पोहोचते. अहवाल वाचताना आम्हाला आकडे दिसले नाहीत. आम्हाला आमची गल्ली दिसली.

काळ पुढे गेला. २००८ साली 'विस्टा' आली. त्याच वर्षी टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँडरोव्हर विकत घेतल्या. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर सरकारी बंधनातून मुक्त झाले आणि स्वस्त डिझेलचा आधार कमी झाला. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. मोबाइलवरून बोलावायच्या टॅक्सीत नव्या सेडान गाड्या आल्या. २०१८ साली इंडिकाचे उत्पादन थांबले. वीस वर्षांचे आयुष्य. रतन टाटा ऑक्टोबर २०२४मध्ये वारले. जानेवारी २०२३मध्ये त्यांनी इंडिकाशेजारचा स्वतःचा जुना फोटो लोकांसमोर ठेवून त्या दिवसांची आठवण केली होती. एवढ्या मोठ्या उद्योगपतीला ती लहानशी गाडी विसरता आली नाही.

आमची गाडी २०१७ साली भंगारात गेली. अब्बांनी काट्यावर जाऊन वजन पाहिले नाही. फक्त डॅशबोर्डवरचा तुघरा काढून घरी आणला. तो आजही कपाटात आहे.

या गाडीपासून घेण्यासारखा धडा काय? आम्ही शिक्षक, म्हणून आम्हाला शिक्षणातलाच दिसतो. ज्या गल्लीने इंडिका हाताने उघडली, त्या गल्लीला आजची गाडी उघडत नाही. तिला स्कॅनर लागतो, वायरिंगचे नकाशे वाचावे लागतात, विजेवरच्या गाडीत तर इंजिनच नसते. उस्ताद-शागीर्दाच्या परंपरेत कान आणि हात तयार होत, वाचायची गरज पडत नसे. आता पडते. आठवी-नववीत शाळा सोडून गॅरेजवर जाणारा मुलगा आज अब्बांच्या पिढीइतकाही कमावू शकणार नाही. त्याने गॅरेज सोडावे असे आम्ही म्हणत नाही. दहावी करावी, आय.टी.आय.त जावे, जमल्यास डिप्लोमा करावा आणि मग त्याच गल्लीत परत यावे, असे म्हणतो. हे पालकांना पटवणे आमचे काम आहे आणि त्यात आम्ही कमी पडतो, हेही कबूल करतो.

पुण्याच्या अभियंत्यांना पहिली गाडी नीट जमली नव्हती. त्यांनी शिकून दुसरी जमवली. आमच्या समाजाला यापेक्षा वेगळे काही करायचे नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही धडा बाजूला ठेवला आणि त्या मुलाला उभे करून फळ्याजवळ बोलावले. "इंडिकाचं इंजिन कसं चालतं, तू सांग." आधी तो लाजला. मग खडू घेऊन चार सिलिंडर काढले आणि पिस्टन खाली-वर कसे जातात ते दक्खनीत सांगू लागला. पंधरा मिनिटे तो बोलत होता. त्या दिवशी कोणी हसले नाही.