रोहिणीविस्फार–रक्तस्राव व बोधनविकार

मेंदूच्या तळाशी असलेल्या रोहिणीची भित्ती एखाद्या ठिकाणी दुर्बल होऊन फुग्यासारखी फुगते, तेव्हा त्या विकृतीस रोहिणीविस्फार म्हणतात. तो फुटल्यास मेंदूभोवतीच्या जालतानिका या आवरणाखाली रक्त पसरते. एकाएकी असह्य डोकेदुखी, वांती व बेशुद्धी ही लक्षणे उद्‌भवतात. यातून वाचलेल्या पुष्कळ रुग्णांची स्मृती, अवधान व नियोजनशक्ती पुढे मंदावते. या उणिवांना बोधनविकार म्हणतात. वैद्यकाने त्यांची दखल बऱ्याच उशिरा घेतली.

प्रारंभी रोग ओळखणे व रुग्ण वाचविणे हेच प्रश्न होते. क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेतून मेरुद्रव काढण्याची पद्धत रूढ केली, त्यामुळे रक्तस्राव जिवंतपणी ओळखता येऊ लागला. सिमंड्स यांनी १९२४ मध्ये त्याचे लक्षणचित्र रेखाटले. मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूतील रोहिण्यांचे क्ष-किरण चित्रण केले, तर डँडी यांनी १९३७ मध्ये विस्फाराच्या मानेला चिमटा लावून तो बंद केला. रुग्ण वाचू लागले, तेव्हा दुसरा प्रश्न पुढे आला. अग्र संयोजी रोहिणीवरील विस्फाराच्या काही रुग्णांना नवे काही लक्षात राहत नसे व ते नकळत कल्पित घटना सांगत.

जेनेट व बाँड यांच्या १९७५ मधील फलनिष्पत्ती-श्रेणीत ‘चांगली सुधारणा’ हा सर्वोच्च गट होता. परंतु ल्युंगग्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये १९८५ मध्ये दाखविले, की तंत्रिकातंत्रीय दोष न उरलेल्या रुग्णांतही बोधनविकार आढळतात. हातपाय चालतात म्हणून रुग्ण बरा झाला, असे म्हणता येत नाही.

विदर्भाच्या वनप्रदेशात हा प्रश्न अधिक बिकट आहे. नागभीड व ब्रह्मपुरी या भातपिकाच्या तालुक्यांच्या पूर्वेस, वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा आहे. तेथील ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या १,५९९ मृत्यूंची पाहणी केली. तीत मस्तिष्काघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. त्याचे प्रमाण १४·३ टक्के होते. मृत्यूचे कारण नातेवाइकांच्या माहितीवरून ठरविले जात असल्याने आघाताचा प्रकार मात्र निश्चित करता येत नाही. त्यासाठी मेंदूचे संगणकीय छेदचित्र आवश्यक असते.

जे वाचतात, त्यांच्या बुद्धीची परीक्षा कशी करावी, हाही प्रश्न उरतो. प्रचलित कसोट्या अक्षरओळख गृहीत धरतात. हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी कसोटी १९९५ मध्ये तयार झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० मधील कसोटीसंचाच्या प्रारंभीच्या पाच भाषांत मराठी नव्हती. कागदावर घड्याळ काढता न येणे हा निरक्षर माणसाच्या बुद्धीचा दोष नव्हे. मात्र पूर्वी तोंडपाठ असलेला तेंदूपानांच्या पुड्यांचा हिशेब आता चुकणे, हे खरे लक्षण असू शकते. ते वैद्याआधी घरच्यांच्या ध्यानी येते. म्हणून रुग्णाच्या तपासणीत त्यांची साक्ष महत्त्वाची ठरते.